नऊ वर्षांची मुलगी, कुस्ती आणि "दीड किलो उतरवा" : मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

लिहिणं थोडं लांबणार आहे, पण पूर्ण वाचून सल्ला द्या ही विनंती. डॉक्टर, जुने पैलवान आणि ज्यांची मुलं तालमीत जातात अशांची मतं विशेष हवी आहेत.

माझी मुलगी चौथीत आहे. आम्ही सांगलीजवळ राहतो. सासरे जुने पैलवान, त्यामुळे घरात कुस्तीचं वातावरण आहेच. शिवाय 2023 मध्ये महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी सांगलीतच झाली आणि चांदीची गदा सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने मिळवली. ते बघून पोरगी हट्टाला पेटली. तेव्हा लहान होती म्हणून थांबवलं, गेल्या दिवाळीनंतर पाठवायला लागलो. संध्याकाळ झाली की न सांगता आवरून दारात उभी असते. जोर, बैठका, कोलांट्या, दोर चढणं सगळं आवडीने करते. वर्गात कुणाशी न बोलणारी मुलगी आता मैत्रिणींना पट (पाय धरून पाडायचा डाव) कसा काढायचा ते शिकवते. त्यामुळे "तालीम बंद करा" हा सल्ला कृपया देऊ नका.

अडचण पुढे आहे. एका मंडळाने लहान मुलांच्या कुस्त्या ठेवल्या आहेत. हिचं वजन साडेएकतीस किलो आणि वस्तादांना तिला तीसच्या गटात उतरवायचं आहे, कारण तिथे पदक नक्की असं ते म्हणतात. त्यांचा निरोप असा : रात्रीचं जेवण बंद, वजनाच्या आदल्या दिवशी पाणी कमी, आणि अंगात स्वेटर घालून पळवा. हे ऐकल्यापासून मुलगी भाकरीचा अर्धा तुकडा बाजूला सारते. शाळेतून येताना पिठाच्या गिरणीतल्या काट्यावर उभी राहते आणि घरी येऊन आकडा सांगते. नऊ वर्षांच्या मुलीने हे करावं हे मला सहन होत नाही.

मला वाटलं होतं सासरे वस्तादांची बाजू घेतील. उलट तेच भडकले. म्हणाले, जत्रेत आम्ही पोरं रेवड्यांवर, नारळावर खेळायचो, पंच दोघांना शेजारी उभं करून अंगापिंडाने जोड लावायचे. पोराला उपाशी ठेवून कुस्ती कुणी लावली नाही.

मोठ्यांचं काय होतं ते आपण बघितलंच आहे. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट रात्रभर झटूनही 100 ग्रॅमने बाद झाली, आणि तिच्याबरोबर डॉक्टर, आहारतज्ज्ञ सगळे होते. अमेरिकेत 1997 मध्ये वजन उतरवताना कॉलेजचे 3 कुस्तीगीर दगावले, त्यानंतर तिथले नियम बदलावे लागले. जपानमध्ये तर ज्युदो महासंघाने 2022 मध्ये प्राथमिक शाळेच्या मुलांची राष्ट्रीय वैयक्तिक स्पर्धाच बंद केली, कारण जिंकण्याच्या नादात मोठी माणसं मुलांवर नको तितका ताण आणत होती. ज्युदोच्या मायदेशात हे होऊ शकतं, तर आपल्याकडे निदान वजनाचा विषय कुणी बोलायला काय हरकत आहे?

शेजारचे म्हणतात बॉक्सिंगला घाला, तिथे हेल्मेट असतं. ते मला अजिबात पटत नाही. अमेरिका आणि कॅनडातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी 2011 मध्येच मुलांच्या बॉक्सिंगला स्पष्ट विरोध केला आहे, कारण तिथे डोक्यावर मारणं हाच खेळ आहे. हेल्मेटने कापणं-खरचटणं कमी होतं, आत मेंदूला बसणारा हिसका थांबत नाही. कुस्तीत दुखापत होते, पण समोरच्याच्या डोक्यावर मारायचं नसतं. माझ्या मते हा फरक फार मोठा आहे.

आता नेमकं विचारते. वस्तादांचा मान राखून "ती वरच्या गटात खेळेल, हरली तरी चालेल" हे कसं सांगू? त्यांनी तिला हातचं राखून शिकवायला सुरुवात केली तर? स्पर्धा साधारण कितव्या वर्षी सुरू करावी, तोपर्यंत नुसता सराव पुरतो का? डोकं मॅटला टेकवून, मानेवर भार घेऊन अंगाची कमान (ब्रिज) करायला लावतात, ते या वयात ठीक आहे का? आणि गालावर गजकर्ण उठलं आहे. मॅट रोज पुसत नाहीत, एकच टॉवेल चार मुली वापरतात. मलम चालू असताना मॅटवर पाठवू की थांबवू?

भर : प्रतिसादांबद्दल मनापासून आभार. गजकर्णासाठी डॉक्टरांना दाखवलं, बरं होईपर्यंत मॅट बंद, टॉवेल वेगळा. ज्यांनी कराटे सुचवलं त्यांना : तिथेही ठोसे लागू न देता शिकवणारे वर्ग आहेत हे मान्य, पण तिला कुस्तीच हवी आहे. रात्रीचं जेवण मी पुन्हा सुरू केलं आहे, त्यावर आता चर्चा नको. रविवारी सासरे आणि मी वस्तादांना भेटायला जाणार आहोत. मानेच्या ब्रिजबद्दल अजून कुणीच लिहिलेलं नाही. कुणी अस्थिरोगतज्ज्ञ किंवा फिजिओ असतील तर त्याआधी कृपया सांगा.