पहिला डेस्कटॉप घरी जोडताना: आपले अनुभव

ठाणे-नवी मुंबईत राहून ज्यांनी सुटे भाग आणून पहिला डेस्कटॉप स्वतः जोडला, त्यांनी पहिल्यांदा बटण दाबल्यावर काय झाले ते कृपया लिहावे. भावांची तुलना नको. चुका मात्र हातचे न राखता सांगाव्यात. सुरुवात माझ्यापासूनच.

नौपाडा, ठाणे
लॅमिंग्टन रोडवरून सगळे सामान घेऊन, दादरला गाडी बदलत घरी आलो आणि रविवारची दुपार जोडणीत घालवली. बटण दाबताच पंखे फिरले, पण मॉनिटर काळाच राहिला. दोन दिवस मी रॅम (तात्पुरत्या स्मृतीची पट्टी) काढून पुसत आणि पुन्हा बसवत होतो. तिसऱ्या दिवशी शेजारच्या काकांनी रद्दीत काढलेले प्रोसेसरचे खोके सहज वाचले. वेगळे ग्राफिक्स कार्ड (मॉनिटरवर चित्र उमटवणारा भाग) लागेल, असे त्यावर चक्क छापलेले होते. थोडे पैसे वाचतात म्हणून मी इंटेलचा आय५ १२४००एफ प्रोसेसर घेतला होता आणि कार्ड दिवाळीनंतर घेणार होतो. शेवटच्या ‘एफ’चा अर्थ या प्रोसेसरमध्ये स्वतःचे ग्राफिक्स नाही असा होतो, हे दुकानात विचारायचे सुचलेच नाही.

कोपरखैरणे
माझ्याकडे रायझन ५ ७६०० प्रोसेसर आणि डीडीआर५ या नव्या पिढीची रॅम होती. काहीच दिसेना म्हणून मी तीनदा वीज बंद केली. पहिल्या वेळी मदरबोर्ड (सगळे भाग जोडतात ती मुख्य पाटी) रॅमचा वेग आणि वेळा तपासून जुळवून घेतो, त्यात कित्येक मिनिटे जातात, आणि मी दर वेळी ते काम अर्ध्यावर तोडत होते. चौथ्या वेळी वैतागून चहा टाकायला गेले. परत आले तर बायोसचा (मदरबोर्डच्या सुरुवातीच्या सेटिंगचा) पडदा उजळलेला.

घोडबंदर रोड
माझा प्रोसेसर एएम४ सॉकेटचा (सॉकेट म्हणजे मदरबोर्डवरची प्रोसेसर बसवायची जागा), म्हणजे १३३१ पिना प्रोसेसरच्याच पोटाला. प्रोसेसरवरचा पंखा नीट बसला नाही म्हणून तो सरळ वर ओढला, तर दोघांमधल्या वाळलेल्या थर्मल पेस्टला (उष्णता पंख्याकडे नेणाऱ्या लेपाला) चिकटून प्रोसेसरही सॉकेटातून उपटून आला आणि कडेच्या सहा पिना आडव्या झाल्या. जुन्या एटीएम कार्डाची कड रांगांमधून फिरवत, श्वास रोखून त्या उभ्या केल्या. संगणक थोडा वेळ चालवून पेस्ट ऊबदार करावी, मग बंद करून पंखा डावीकडे-उजवीकडे हलकेच फिरवत काढावा, हे नंतर कळले.

ऐरोली
डब्याच्या मागे, मदरबोर्डच्या जोडण्यांभोवती बसणारी पत्र्याची पट्टी बसवायची राहिली. सगळे पुन्हा उघडायचा कंटाळा आला. ती अजून खणातच आहे.