बोटीवरचा गोड्या पाण्याचा पंप: तुमचं काय काय झालंय ते लिहा

आमची २८ फुटी जुनी शिडाची बोट, चौघांत मिळून घेतलेली, गेटवेसमोर मुअरिंगवर (पाण्यातच कायमच्या नांगराला बांधलेली) असते. गेल्या सीझनला रात्री बोटीवर झोपलो की नळ सगळे बंद असले तरी दर दहा मिनिटांनी पंप घुर्रर करून दोन सेकंद चालायचा आणि गप्प. झोपेचं खोबरं. मी शहाणपणा करून सरळ नवा १२ व्होल्टचा डायफ्रॅम पंप आणला, उलटापालटा झोपून बसवला, पाठ धरली, आणि त्याच रात्री परत घुर्रर. बाकीचे तिघे अजून त्या पैशांवरून बोलतात. तर तुमचे अनुभव सांगा, फजितीचे असले तर आधी.

इंजिनरूमवाला
लाईनमधलं प्रेशर पडलं की हे पंप आपोआप चालू होतात. नळ बंद असताना पंप चालतोय म्हणजे प्रेशर कुठेतरी पडतंय एवढंच, पंपाचा गुन्हा असेलच असं नाही. पंपाच्या पुढे कॉक असेल तर तो बंद करून बघा. तरी घुर्रर आलं तर पंपाच्या आतला व्हॉल्व्ह पाणी मागे टाकीत सोडतोय (कचऱ्याचा एक कण पुरतो) किंवा त्या कॉकच्या अलीकडेच गळतंय. शांत झाला तर पुढच्या लायनीत गळती आहे, ती शोधा.
मोठ्या जहाजावरही हेच असतं, फक्त आकार मोठा. आमच्या हायड्रोफोरचा (पाण्यावर हवेची गादी ठेवून प्रेशर धरणारी टाकी) पंप एकदा अर्ध्या अर्ध्या मिनिटाला चालूबंद व्हायला लागला. मी नवीन होतो, प्रेशर स्विच बदलायला घेतला, सेकंड साब (सेकंड इंजिनिअर) मागे उभे राहून बघत होते, काही बोलले नाहीत, स्विच बसवून झाल्यावर म्हणाले, आता काच बघ. गेज ग्लास (टाकीतली पातळी दाखवणारी काच) वरपर्यंत पाण्याने भरलेला! टाकीतली हवा हळूहळू पाण्यात विरघळून जाते, गादीच उरत नाही, मग एक नळ उघडला तरी प्रेशर धाडकन खाली. थोडं पाणी सोडलं, कॉम्प्रेस्ड एअर दिली, झालं काम.

मिरकरवाडा
आमच्या मामाच्या ट्रॉलरचा किस्सा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी, बोट वर ओढलेली, रंगरंगोटी झाली, ऑगस्टला पहिल्या फेरीला निघाले तर तासाभरात पाणी येईना, पंप नुसता कण्हतोय. तांडेल (बोटीचा कप्तान) म्हणे पंप हवा धरतोय, सगळ्या क्लिपा आवळल्या, गाळणीचं वायसर बदललं, टेफ्लॉन गुंडाळला. काही नाही. शेवटी एका खलाशाने पाणी किती उरलंय बघायला टाकीचं झाकण फिरवलं तर फुस्सकन हवा आत, आणि पाणी चालू! टाकीचा हवेचा पाईप बुजला होता. कुंभारमाशीने त्यात मातीचं घर केलेलं आणि वरून आमच्या लोकांनी रंग मारलेला 😂 आता बंदीत त्या पाईपाच्या तोंडाला बारीक जाळी बांधतात.

कालव्यावरची
आम्ही नवराबायको इंग्लंडला नॅरोबोटवर (कालव्यातली लांब अरुंद बोट) राहतो. पहिल्या हिवाळ्यात चार दिवस मैत्रिणीकडे गेलो, परत आलो तर पंप थांबेचना आणि पुढच्या कपाटात कारंजं. पाणी गोठून पंपाचं प्लास्टिकचं डोकं तडकलेलं. आता निघताना पंपाचा स्विच बंद, लाईन रिकामी, आणि सगळे नळ उघडे ठेवून जातो. शॉवर विसरू नका, आम्ही दुसऱ्या वर्षी तेवढाच विसरलो होतो.

मांडवीकाठ
आमच्या पॅसेंजर बोटीवर पंप मेला म्हणून काढून टेबलावर लावला तर मस्त चालला. परत बसवला तर मेला. बॅटरीवर १२.६ व्होल्ट आणि पंपाच्या टोकाला स्विच दिल्यावर जेमतेम ९. फ्यूजच्या मागचं टर्मिनल हिरवं पडलं होतं, वायर हातात आली. खाऱ्या हवेत असले साधे जोड टिकत नाहीत, टिन केलेली (कथिलाचा मुलामा दिलेली) वायर घ्या. आणि मीटर पंप चालू करून लावा, बंद असताना सगळं बरोबरच दिसतं.

धागाकर्ता
इंजिनरूमवाले साहेब, कॉक बंद केला, रात्रभर चिडीचूप. मग बिल्ज (बोटीचा तळ, गळलेलं पाणी जिथे साचतं) कापडाने पुसून कोरडी केली आणि जोडाजोडाखाली टिश्यू पेपर ठेवत गेलो, सगळे कोरडे. शेवटी मागच्या बाजूला पोहून आल्यावर अंग धुवायचा हँडशॉवर असतो ना, त्याचा मुख्य कॉक उघडाच राहिलेला आणि तो थेंब थेंब थेट समुद्रात. बिल्जमध्ये सापडणार कसा! जुना पंप ठणठणीत आहे, एका पार्टनरने शेतावर फवारणीला नेला.