औषधाचा रेणू एन्झाइमवर चालला, हर्गमध्ये अडकला: मालिका सोडून द्यावी का?

दांडियाबाजारची
मी बडोद्यात एम.फार्म.च्या शेवटच्या वर्षाला आहे. अल्झायमरच्या औषधासाठी अ‍ॅसिटाइलकोलिनएस्टरेज (मेंदूतलं संदेश पोचवणारं अ‍ॅसिटाइलकोलिन मोडणारं एन्झाइम) रोखणारी बेंझिलपिपरिडिनची चौदा संयुगं केली. अकरावं जमलं. एलमन चाचणीत (एन्झाइम चालू असेल तर पिवळा रंग येतो) प्लेटवरचे बाकीचे खळगे पिवळेधमक होत गेले आणि अकराव्याची रांग जवळजवळ पाण्यासारखी राहिली. दहा मिनिटं मी प्लेटवरची नजर काढली नाही. आयसी-५० (एन्झाइम निम्मं रोखायला लागणारं प्रमाण, कमी तितकं चांगलं) आला १८ नॅनोमोलर. मग बाहेर पाठवलेल्या हर्गचा (हृदयातलं पोटॅशियम चॅनेल, ते अडलं तर ठोका बिघडू शकतो) अहवाल आला: ०.९ मायक्रोमोलर, म्हणजे संयुग तिथेही चिकटतंय. सर म्हणतात, सोडून दे. घरी आजी रोज मला विचारते, "तू कुणाची गं?" मला सोडवत नाही. काही करता येईल का?

जुना औषधरसायनी
इतक्यात सोडू नकोस. आधी हे का झालं ते बघ. या एन्झाइमची सक्रिय जागा सुमारे २० अँगस्ट्रॉम खोल घळीच्या तळाशी असते, आणि घळीच्या भिंतींना अ‍ॅरोमॅटिक वलयं लागलेली असतात. तुझा धनभारित नायट्रोजन तिथल्या ट्रिप्टोफॅन-८६ या अ‍ॅमिनो आम्लाला बिलगतो. आता हर्गकडे वळ. हृदयातल्या त्या पोटॅशियम चॅनेलच्या पोकळीत टायरोसिन-६५२ आणि फिनाइलअ‍ॅलनिन-६५६ ही वलयवाली अ‍ॅमिनो आम्लं आहेत, चारही उपघटकांचे मिळून आठ. मधे धनभार आणि टोकाला चपटं वलय असलेला रेणू तिथेही मजेत बसतो.

टर्फेनाडीन या अ‍ॅलर्जीवरच्या औषधाचं हेच झालं. यकृतातलं एन्झाइम त्याचं फेक्सोफेनाडीन करून टाकतं, म्हणून एरवी निभायचं. पण सोबत ते एन्झाइम रोखणारं बुरशीवरचं केटोकोनॅझोल घेतलं की मूळ औषध रक्तात साठायचं आणि हृदयाचं क्यूटी (ईसीजीवरचं एक अंतर) लांबायचं. फेक्सोफेनाडीनला १९९६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. फरक काय, तर एका मिथिलच्या जागी कार्बॉक्सिल! तुला मात्र तो उपाय चालणार नाही, कारण तुझा रेणू मेंदूत शिरायला हवा आणि आम्लगट त्याला दाराशीच अडवेल.

तू पिपरिडिनच्या तिसऱ्या कार्बनवर फ्लोरिन लावून बघ. पीकेए (नायट्रोजन किती सहज धनभार घेतो त्याचं माप) एक-दोन अंकांनी उतरेल. फार उतरवू नकोस, नाहीतर ट्रिप्टोफॅनचीही पकड सुटेल. आठच्या आसपास ठेव. टोकाच्या फिनाइलऐवजी पिरिडिन घातलंस तर लॉग-पीसुद्धा (रेणू किती तेलकट आहे त्याचं माप) खाली येईल.

पॅचक्लॅम्पवाली
१८ आणि ०.९ ची तुलना करून काही ठरत नाही. रक्तात प्रथिनांना न चिकटलेलं औषध जास्तीत जास्त किती असेल ते काढ. हर्गचा आकडा त्याच्या निदान तीसपट हवा, असा आमच्याकडे ढोबळ हिशेब असतो. तुझा आकडा बाइंडिंगचा (रेणू चॅनेलला किती चिकटतो) की पॅचचा (पेशीतला प्रवाह प्रत्यक्ष मोजून)? कॅल्शियम चॅनेलही तपासून घे. व्हेरापामिल हर्ग चांगलंच अडवतं, पण सोबत कॅल्शियमही अडवत असल्याने ठोका क्वचितच बिघडवतं.

दांडियाबाजारची
अहवाल पुन्हा काढला. आकडा बाइंडिंगचाच आहे, पॅच झालेलंच नाही. सॉफ्टवेअर पीकेए ९.३ दाखवतंय. सरांकडून तीन आठवडे मागून घेतले. नव्या संयुगासाठी फ्लोरिनवालं पिपरिडोन (सुरुवातीचा कच्चा माल) सोमवारी मागवते.