चिंचोके मोजताना झालेली गंमत

वरती एका ताईंनी लिहिलंय ना, वजाबाकी शिकवताना 'तुझ्या पाच लाडवांतले दोन मी खाल्ले तर?' म्हटल्यावर मुलगी रडायलाच लागली, वाचून हसू आवरेना. आमच्या बालवाडीत पालकसभेला मी पाच चिंचोके जवळ जवळ मांडले, मग तेच लांब लांब पसरवले आणि विचारलं आता किती, तर एक पठ्ठ्या ठणकावून म्हणाला 'जास्त झाले!' आणि लगेच शेजारची चिमुरडी म्हणते, 'माझे बाबा उरलेली भाजी ताटाच्या कोपऱ्यात गोळा करतात, मग आजीला कमी वाटते'. बाबा मागच्याच बाकावर आणि आजी त्यांच्या शेजारी!! मला पुढे बोलताच येईना, अख्खा वर्ग हसतोय.

पण त्या पोराला कुणी हसू नये असं मला अगदी मनापासून वाटतं. पियाजे या मानसशास्त्रज्ञाने हेच दाखवलंय, साधारण सहा-सात वर्षांपर्यंत बऱ्याच मुलांना रांग लांब झाली की संख्याच वाढली असं वाटतं. आपण 'चूक' म्हणून काही उपयोग नाही, चिंचोके त्यांच्याच हातात द्यायचे, लांब करू दे, परत जवळ आणू दे, दर वेळी मोजू दे. आमची मुलं तर डबा खायचा सोडून मोजत बसली होती.