खाट एक आणि रुग्ण दोन : वय हा निकष असावा का?

गुहागरकर
कोरोनाच्या साथीत, मार्च २०२० मध्ये इटलीतील अतिदक्षता तज्ज्ञांच्या संघटनेने, अतिदक्षता विभागातील खाटा अपुऱ्या पडल्यास प्रवेशासाठी वयाची मर्यादा घालावी लागू शकते, असे म्हटले होते. त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकेतील वृद्धरोगतज्ज्ञांच्या संस्थेने मात्र केवळ वयावरून कोणालाही वगळू नये, अशी भूमिका घेतली. मला दुसरी भूमिका पटते. रोज माडांना शिंपणे करणारे अठ्ठ्याहत्तरीचे गृहस्थ आणि पन्नाशीतच डायलिसिसवर असलेला रुग्ण, यांपैकी कोण तगेल हे जन्मतारखेवरून ठरत नाही.

रत्नागिरीचा वाचक
असहमत. एप्रिल २०२१ मध्ये ऑक्सिजनची टंचाई असताना रात्रपाळीच्या एकट्या डॉक्टरने प्रत्येकाची प्रकृती सांगोपांग कधी तपासायची? वय निदान आधारकार्डावर छापलेले असते, तिथे वशिला चालत नाही. ‘प्रकृती पाहून ठरवू’ म्हटले की पुढाऱ्यांचे फोन सुरू होतात. शिवाय सत्तरी पाहिलेल्याने लहान मुलांच्या आईसाठी खाट सोडावी, यात मला तरी अन्याय दिसत नाही.

निवृत्त परिचारिका, चिपळूण
स्वतःहून सोडणे वेगळे आणि सोडायला लावणे वेगळे. वशिल्याचा मुद्दा मात्र खरा आहे. म्हणूनच उपचार करणाऱ्या डॉक्टरवर हा निर्णय न टाकता तो वेगळ्या गटाने घ्यावा आणि कारण लेखी नोंदवावे.

पण प्रकृतीची मोजपट्टीही निर्दोष नाही. ब्रिटनमध्ये ‘नाइस’ या उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या संस्थेने मार्च २०२० मध्ये नऊ पायऱ्यांची दुर्बलता-श्रेणी सुचवली आणि काही दिवसांतच, ती तरुणांना किंवा स्थिर स्वरूपाचे दीर्घकालीन अपंगत्व असणाऱ्यांना लावू नये, अशी दुरुस्ती केली. या श्रेणीत रुग्ण आज खाटेवर कसा दिसतो हे न पाहता, आजारापूर्वी, साधारण दोन आठवड्यांमागे, तो कसा होता हे विचारायचे असते: स्वतः आंघोळ करीत होता का, बाजारात जात होता का, आपली औषधे आपण घेत होता का? आपल्याकडे घरात एकटी राहणारी आजी तापाने ग्लानीत येते आणि मुलगा बोरिवलीहून फोनवर ‘तिला झेपत नाही हो’ एवढेच सांगतो, कारण तो गणपतीनंतर आलेलाच नसतो. तिला विहिरीवरून कळशी आणताना पाहणारी शेजारीण दाराबाहेर उभी असते आणि तिला कोणी विचारत नाही.

वेंगुर्लेकर
ही सगळी चर्चा रुग्णालयात पोचल्यावरची झाली. आमच्याकडचे गंभीर रुग्ण गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात न्यावे लागतात आणि ‘या वयात एवढ्या लांब कशाला’ हा निवाडा ओटीवरच होतो. पण म्हातारे माणूसच ‘माका खंय नेव नकात’ म्हणत असेल, तर तुमच्या गटाने त्यात का पडावे? तिथे इच्छेचा मान राखलाच पाहिजे.

निवृत्त परिचारिका, चिपळूण
राखावा, पण मुले-सुना समोर नसताना एकदा विचारून. खर्च कोण करणार आणि सोबत कोण राहणार हे आधी सांगितले, तर यांतले कितीतरी जण गाडीत बसायला तयार होतात.

रत्नागिरीचा वाचक
एवढे विचारायला माणूसबळ कुठून आणणार, हा माझा प्रश्न अजून तसाच आहे.