मदत हवी आहे : कार्बन फ्रेमची सायकल नागपूरच्या उन्हात टिकवायची कशी?

नमस्कार मंडळी,

माझी कार्बन फ्रेमची रोड बाईक आहे. फ्रेमवर रंग नाही, कार्बनची वीण दिसते आणि तिच्यावर फक्त मॅट क्लिअर कोट (बिनचमकीचा पारदर्शक थर) आहे. मी राहते खामल्याला, नोकरी हिंगणा एमआयडीसीत, आणि बहुतेक दिवस सायकलनेच जाते. जाण्या-येण्याचं ऊन माझं मी बघते, दुपट्टा आहे, टोपी आहे. अडचण सायकल दिवसभर उभी राहते तिथली आहे. कंपनीतली टिनाची शेड मोटरसायकलींनी भरलेली असते, त्यामुळे सायकली बाहेरच्या भिंतीला टेकवायच्या. ती भिंत पश्चिमेची. जेवणाच्या सुटीपासून संध्याकाळपर्यंत ऊन सरळ फ्रेमवर.

आता फ्रेमचं सांगते. सायकल रोज एकाच अंगाने टेकवली जाते, म्हणून उजवी बाजू उन्हाला येते. त्या बाजूची वरची नळी आणि सीटखालच्या बारीक नळ्या पिवळसर झाल्या आहेत. डावीकडे तोच कार्बन अजून काळाभोर आहे. ओल्या फडक्याने पुसलं की दोन्ही बाजू सारख्या दिसतात, पाणी वाळलं की उजवीकडे पुन्हा पांढुरकी झाक येते. काल बाटलीचा पिंजरा काढला तर त्याच्या पट्टीखालचा भाग अगदी नवाकोरा निघाला. पट्टीच्या कडेवर बोट ठेवलं की एका बाजूला गुळगुळीत लागतं आणि दुसऱ्या बाजूला किंचित खरखरीत.

वाचून एवढं कळलं की कार्बनच्या धाग्यांना अतिनील किरणांनी फारसं काही होत नाही. त्यांना धरून ठेवणारं इपॉक्सी रेझिन मात्र उन्हात पिवळं पडतं आणि पुढे त्याची वरची पापुद्र्याएवढी थर भुकटीसारखी सुटत जाते. क्लिअर कोटमध्ये हे किरण शोषणारे घटक घातलेले असतात, पण तेही हळूहळू संपतात. परदेशी माहिती वाचली की सगळे म्हणतात, 'काळजी नको, सायकल काही रोज उन्हात नसते.' आपल्याकडे ती रोज उन्हात असते. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंश नोंदले गेले होते. (२०२४ च्या मे अखेरीस ५६ अंशांची बातमी फिरली ती यंत्राच्या बिघाडाची होती, ती धरत नाही.) शिवाय आपण २१ अक्षांशावर, म्हणजे नवतपा लागतो त्याच सुमारास दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर.

तर जाणकारांनी कृपया सांगावं. हे पिवळेपण फक्त दिसण्यापुरतं आहे की फ्रेम कमजोर होते आहे? एवढ्या तापमानात रेझिन मऊ पडू शकतं का? आणि पुढे काय करू : झाकण, कोटिंग, की गाड्यांचा रंग वाचवायला लावतात ती पारदर्शक पीपीएफ फिल्म? घरात सायकल हॉलमध्येच असते, तिथला प्रश्न नाही. ही फ्रेम मी बरीच वर्षं पैसे साठवून घेतली आहे आणि अजून बरीच वर्षं चालवायची आहे.

प्रतिसाद

ताई, मी कॉम्पोझिटच्या (म्हणजे धागे आणि रेझिन मिळून बनणाऱ्या कार्बनसारख्या पदार्थांच्या) कामात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी तापमानाचं. सायकलच्या फ्रेमचं रेझिन साधारण १२० ते १५० अंशांच्या आसपास भट्टीत पक्कं केलेलं असतं आणि ते मऊ पडायला लागायचं तापमान सहसा १०० च्या वर असतं. ४५ अंशांच्या दुपारी काळी फ्रेम थेट उन्हात ७० अंशांच्या घरात जाऊ शकते, हात ठेववत नाही. तरीही मऊ पडण्यापासून ती लांब आहे. ही भीती काढून टाका.

तुमच्या सायकलचं नुकसान उष्णतेने नाही, किरणांनी झालं आहे. ओलं केल्यावर झाक जाते याचा अर्थ पृष्ठभाग खडबडीत झाला आहे आणि पाणी ते खड्डे तात्पुरते भरतं. म्हणजे क्लिअर कोट वरून झिजतोय. आतले धागे शाबूत असण्याचीच शक्यता जास्त. विमानं बघा ना. ड्रीमलायनरच्या वजनाचा निम्मा भाग कॉम्पोझिटचा आहे आणि ती आयुष्यभर उन्हात उभी असतात, पण रंगाखाली. उघडं रेझिन उन्हाला द्यायचं नाही, एवढंच पथ्य.

तरी एकदा तपासा. पांढुरक्या भागावरून नख फिरवा. रेघ नखाला अडकली तर तिथे तडा आहे का ते बघावं लागेल. मग नाण्याने हलकेच टकटक करत दोन्ही बाजूंचा आवाज ताडून पहा. एखाद्या जागी खणखणीतऐवजी बद्द आवाज आला तर सायकल चालवू नका, आधी दाखवा. खडी उडून जिथे टवके गेले असतील ती जागा सगळ्यात आधी बंद करा, कारण तिथे रेझिन पूर्ण उघडं आहे.

प्रतिसाद

ताई, मी मानेवाड्याचा, माझीही सायकल बाहेरच उभी राहते. बाप्पा, यंदा तर एप्रिलपासूनच तापून राहिलं!

झाकणाबद्दल माझं मत ठाम आहे : प्लॅस्टिकची ताडपत्री किंवा बाजारात मिळणारं चंदेरी कव्हर घट्ट गुंडाळू नका. आत हवा कोंडते, आणि जूनमध्ये पहिला पाऊस पडला की ओल तशीच राहून बोल्टांना गंज चढतो. मी जाड सुती चादर दुहेरी करून टाकतो, पांढरी. फ्रेमला चिकटू देत नाही, हँडल आणि सीटवरून तंबूसारखी सोडतो म्हणजे खालून वारा खेळतो. खालची टोकं चाकांना बांधा. सैल राहिली की वाऱ्याने फडफडतात आणि कापडात बसलेली धूळ मॅट कोट घासून काढते. चादर आठवड्याला धुवायची.

हिरवी जाळी मात्र एकटी पुरत नाही, विणीतून ऊन आत येतंच. वर जाळी आणि खाली चादर असेल तर उत्तम.

प्रतिसाद

फ्रेमच्या नादात टायर विसरू नका. उन्हाने रबराच्या बाजू आधी तडकतात. हवेचं गणितही बघा : सकाळी २७ अंशांना ८० पीएसआय भरली आणि टायर ६७ अंशांपर्यंत तापला तर दाब ९२ च्या आसपास जातो. मे महिन्यात रिमवर लिहिलेल्या कमाल मर्यादेच्या बरंच खाली भरा. ट्यूबलेस असेल तर आतलं सीलंटही (छिद्र बुजवणारं द्रव) लवकर सुकतं, ते वरचेवर तपासा.

आणि सीटपोस्ट अॅल्युमिनियमचा असेल तर तापलेल्या सायकलवर त्याचा क्लॅम्प आवळू नका. अॅल्युमिनियम उष्णतेने फुगतं, कार्बन जवळजवळ फुगत नाही. घरी आणून थंड होऊ द्या, मग टॉर्क रेंचने (किती आवळलं ते मोजणाऱ्या पान्याने) आवळा.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. नख कुठेही अडकलं नाही, आवाजही दोन्हीकडे सारखा आहे. खूप हायसं वाटलं. टवके दोन जागी सापडले, दोन्ही खालच्या नळीवर पुढच्या चाकामागे.

आता एक विचारते. आहे त्याच फ्रेमवर पीपीएफ लावली तर चालेल का? गाड्यांच्या डिटेलिंगवाल्याने सिरॅमिक कोटिंगही सुचवलं.

प्रतिसाद

(पुन्हा मीच, कॉम्पोझिटवाला.) सिरॅमिकने धूळ-पाणी चिकटत नाही, धुणं सोपं होतं. पण तो थर फारच पातळ असतो. झिजलेल्या क्लिअर कोटची जागा तो घेऊ शकत नाही, तेव्हा त्यावर आत्ता पैसे घालू नका. पीपीएफ चांगली, खडीपासून तर फारच चांगली, पण भुकटी सुटलेल्या पृष्ठभागावर ती नीट धरणार नाही आणि खालचं पिवळेपण दिसतच राहील.

म्हणून आधी नवा क्लिअर कोट. ८०० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून हलक्या हाताने घासायचं. निघणारं पाणी दुधी आहे तोवर क्लिअर कोटच निघतोय. काळं पाणी दिसलं की त्याच क्षणी थांबा, तुम्ही कार्बनपर्यंत पोचलात. कोरडं कधीच घासू नका, ती धूळ फुप्फुसांना वाईट. आणि रंग काढायचं केमिकल फ्रेमला अजिबात लावू देऊ नका, ते रेझिनलाही खातं.

फवारणी घरी करू नका. गाड्यांना लावतात त्या दोन भागांच्या क्लिअरच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असतं, साध्या मास्कने भागत नाही. चांगल्या गाडी पेंटरकडे फ्रेम सुटी करून न्या. 'किरणरोधक मॅट क्लिअर, भट्टी ६० अंशांच्या वर नाही', असं स्पष्ट सांगा. नंतर महिनाभर तो कोट पक्का होऊ द्या आणि मग मॅट पीपीएफ लावा. मॅटवर मेणाचं पॉलिश कधीच नको, चकचकीत डाग पडतात.

प्रतिसाद

एक बिनखर्चाचा उपाय राहिला. भिंत बदला. मे अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत नागपुरात सूर्य दुपारीसुद्धा किंचित उत्तरेकडे असतो आणि मावळतो तर चांगलाच उत्तरेला सरकून. त्यामुळे उत्तरेची भिंत सावलीची असते हा समज या दिवसांत खरा नाही, संध्याकाळी तिथे तिरपं ऊन येतं. पूर्वेची भिंत बघा. दुपारनंतर ती पूर्ण सावलीत जाते, सकाळच्या उन्हापुरती चादर. काचेमागे ठेवलं की झालं असंही समजू नका, साध्या काचेतून अतिनील किरणांचा बराच भाग आत येतो.

धागाकर्ती

आज सुरक्षारक्षक काकांशी बोलले. पूर्वेला पंपघराच्या मागे जागा आहे, तिथे एक कडी बसवून देतो म्हणाले. अजून दोघे सायकलवाले आहेत, त्यांनाही तिथेच ठेवू देणार आहेत. पुढच्या आठवड्यात फ्रेम सुटी करून पेंटरला दाखवते. तोवर टवक्यांवर साधं पारदर्शक नेलपॉलिश लावलं तर चालेल ना?

प्रतिसाद

चालेल, ओल अडेल. पण ते किरण अडवत नाही, तेव्हा वर काळ्या टेपची पट्टी चिकटवा. आणि पेंटरकडे देताना ती जागा बोटाने दाखवून द्या, नेलपॉलिश पूर्ण काढल्याशिवाय त्यावर क्लिअर मारू देऊ नका.