इंग्रजी साहित्य वर्गात कसे रुजले? आपले अनुभव सांगावेत

जवसफूल
गेल्या आठवड्यात यवतमाळकडे जाताना एसटीच्या खिडकीतून बहरलेले जवसाचे शेत दिसले आणि पंधरा वर्षांपूर्वीचा नववीचा वर्ग आठवला. मी वर्ड्‌सवर्थची डॅफोडिल फुलांची कविता शिकवत होते. ते फूल मीही कधी पाहिले नव्हते, म्हणून ‘एक पिवळे विलायती फूल’ एवढे सांगून मी पुढे जाणार, तोच मागच्या बाकावरील मुलगी म्हणाली, “मॅडम, आमच्या वावरातला जवसबी असाच डोलते, पाहाले येता का?”

मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन आम्ही सारे बांधावर गेलो. प्रत्येकाने जे दिसले ते वहीत पाच ओळींत लिहिले, मराठीत किंवा जमेल तशा इंग्रजीत. दुसऱ्या दिवशी मी त्यांना सांगितले की १५ एप्रिल १८०२ रोजी कवी आणि त्याची बहीण डोरोथी यांनी अल्सवॉटर सरोवराकाठी ती फुले पाहिली, बहिणीने ती आपल्या रोजनिशीत टिपली आणि कविता १८०७ साली छापली गेली. मग कवितेची पहिली ओळ वाचली, ज्यात कवी ढगासारखा एकटाच हिंडतो. वर्ग थबकला. “मंग कवितेत बहीण कुठी गेली?” या एका प्रश्नावर पूर्ण तासिका गेली. काहींनी कवीला दोष दिला, काहींना वाटले की एकटेपणा मनाचा असतो. शब्दार्थ लिहून देऊन एवढी चर्चा माझ्या वर्गात कधीच झाली नव्हती. आपण काय करता, ते सविस्तर लिहावे.

धानबांधी
मी वडसा परिसरात शिकवतो. झाडीपट्टीतील, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातील, मुलांना नाटक शिकवावे लागत नाही. मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रांच्या, दिवसांत रात्रभर जागून ती नाटके पाहतात. म्हणून शेक्सपिअरच्या ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’ या नाटकातील न्यायालयाचा प्रवेश आम्ही वाचत नाही, उभा करतो. निवेदन झाडीबोलीत असते, निवाड्याची वाक्ये इंग्रजीत. मात्र वकिलाच्या वेशात आलेली पोर्शिया बोलण्याआधी मी खेळ थांबवतो आणि ३००० डकॅटचे (सोन्याच्या नाण्यांचे) कर्ज न फिटल्यास सावकार शायलॉकने अँटोनियोचे पौंडभर मांस कापून घ्यावे, असा करारनामा फळ्यावर लिहून अँटोनियोला वाचवण्याचे काम वर्गावर सोपवतो. एका वर्षी एका मुलाने कोणाच्याही मदतीशिवाय शोधून काढले की कागदावर मांस लिहिले आहे, रक्त लिहिलेले नाही.

येथे एक काळजी घ्यावी लागते. घरात गहाणखताची बोलणी ऐकलेली मुले शायलॉकचा लगेच तिरस्कार करू लागतात. म्हणून आम्हाला टोचले तर रक्त येत नाही का, असे तो विचारतो ते भाषण मी आधी वाचून घेतो. ज्यू धर्मावरून त्याचा किती अपमान झाला होता हे कळल्यावर वर्ग शांत होतो, आणि ती शांतता मला निवाड्याइतकीच महत्त्वाची वाटते.

सातपुडा_वाट
मेळघाटातील माझे बहुतेक विद्यार्थी घरी कोरकू बोलतात. वर्ड्‌सवर्थच्याच ‘द सॉलिटरी रीपर’ या कवितेत कापणी करणारी मुलगी गाते आणि कवीला तिची भाषा कळत नाही. अर्थ सांगण्याआधी मी एका मुलीला तिच्या आईचे गाणे म्हणायला सांगितले. ते न कळणारा वर्गात मी एकटाच होतो. नंतर कविता वाचली, तेव्हा कवी वाटेत का थांबला असेल, हे मुलांनी मला समजावून सांगितले.

दहावी_ब
सर्व अनुभव मनापासून आवडले. परंतु दहावीला धडे संपवण्याचीच घाई असते, तेव्हा हे कसे जमवावे?

जवसफूल
@दहावी_ब, सगळ्याच कवितांसाठी जमत नाही. मी सत्रात एकच कविता अशी घेते. रसग्रहणाच्या प्रश्नात मुलांनी स्वतःची वाक्ये लिहिली, तर तो वेळ वाया गेला असे मला वाटत नाही.

पांदण
मी शिक्षक नाही, शेतकरी आहे. मुलगी आठवीत आहे आणि घरी इंग्रजी कोणालाच येत नाही. आम्ही काय करावे?

धानबांधी
@पांदण, तिने शाळेत वाचलेली गोष्ट रोज आजीला आपल्या बोलीत सांगावी. आजी जे प्रश्न विचारेल, त्यांची उत्तरे तिला पुन्हा पुस्तकात शोधावी लागतील.

पांदण
आठ दिवसांनी लिहितो आहे. मुलीने ओ. हेन्रीची गोष्ट सांगितली, ज्यात नवऱ्याच्या घड्याळाला साखळी घ्यावी म्हणून बायको केस विकते आणि तिच्या केसांसाठी कंगवे घ्यावेत म्हणून नवरा घड्याळच विकतो. माझ्या आईने विचारले, “मंग त्या दिवशी ते जेवले काय?” मुलगी पुस्तक घेऊन आली, शेवटचे पान हळूहळू वाचले आणि नवरा बायकोला चॉप्स (मांसाचे तुकडे) शिजत ठेवायला सांगतो, हे तिने शोधून दाखवले. मग आईने बियाण्यासाठी विकलेल्या आपल्या पाटल्यांची हकिकत पहिल्यांदाच आम्हाला सांगितली.